सिगारेटच्या टोकाचा पांढरा बोळा

कोऱ्या सिगारेटचा फिल्टर ब्लेडने उभा चिरला की आधी वरचा तपकिरी कागद सुटतो. त्याच्यावर बुचाच्या लाकडासारखे ठिपके छापलेले असतात. एके काळी तिथे खऱ्या बुचाची पातळ पट्टी असे, कागद ओठांना चिकटू नये म्हणून. पट्टी गेली, तिचं चित्र उरलं. त्याखाली पातळ पांढऱ्या कागदाचा वेढा आणि त्याच्या आत पांढराशुभ्र बोळा. बोटांनी पिंजला की तो मोकळा होत जातो आणि कुणीही शपथेवर सांगेल की हा कापूस आहे. मग त्यातला थोडा वाटीभर ॲसिटोनमध्ये टाकून बघावा. नेलपॉलिश काढायला हाच द्रावक वापरतात. थोड्याच वेळात बोळ्याचा आकार जातो आणि तळाशी चिकट लगदा उरतो. कापसाचं असं कधी होत नाही. हा बोळा सेल्युलोज ॲसिटेटचा असतो. मूळ माल लाकडाचा लगदा, पण रसायनशाळेतून बाहेर पडताना त्याचं प्लास्टिक झालेलं असतं.

या प्लास्टिकच्या गोष्टीत जर्मनीतल्या एश्बॉर्नचा परिसर येतो. फ्रँकफुर्टला वायव्येकडून चिकटलेलं हे गाव. वस्ती वीस-बावीस हजारांची, आणि रोज कामाला येणारे त्याहून जास्त. जर्मन शेअर बाजार चालवणाऱ्या डॉइच बोर्स कंपनीचं मुख्यालय इथे आहे. जर्मन सरकारसाठी भारतासह अनेक देशांत विकासकामं करणाऱ्या जीआयझेड या संस्थेचंही मोठं ठाणं इथेच आहे. नोकरीनिमित्त फ्रँकफुर्टकडे गेलेल्या मराठी कुटुंबांना एस-बान लोकलच्या मार्गावरचं हे नाव ओळखीचं असतं. तंबाखूसाठी गाव प्रसिद्ध नाही. पण नकाशावर त्याच्याभोवती पाच-सहा किलोमीटरचं वर्तुळ काढलं, तर दक्षिणेला होएख्स्ट येतं, उत्तरेला क्रोनबर्ग आणि पश्चिमेला सुल्झबाख. फिल्टरच्या कच्च्या मालाचा मोठा व्यवहार या तीन गावांतून झाला.

होएख्स्टमध्ये १८६३ साली रंग बनवणारा एक कारखाना सुरू झाला आणि गावाच्याच नावाने पुढे तो जगातल्या बड्या रसायन कंपन्यांपैकी एक झाला. १९८७ मध्ये होएख्स्ट कंपनीने अमेरिकेची सेलानीज विकत घेतली. सिगारेटच्या फिल्टरसाठी लागणारा ॲसिटेटचा माल जगात मोजक्याच कंपन्या बनवतात, आणि सेलानीज त्यांतली एक मोठी. १९९९ मध्ये ती पुन्हा वेगळी झाली, तेव्हा तिचं मुख्यालय क्रोनबर्गमध्ये थाटलं गेलं. पुढे कंपनी अमेरिकी मालकांकडे गेली आणि तिचं जर्मन कार्यालय सुल्झबाखला आलं. दुसऱ्या एका कंपनीचा कारखाना जर्मनीच्या दक्षिणेला, फ्रायबुर्गमध्ये. तोही हाच माल बनवत आला आहे. सिगारेट कुठल्याही देशात वळली गेली, तरी तिच्या टोकाचे तंतू बहुधा अशाच मोजक्या कारखान्यांतून आलेले असतात.

हे रसायन सिगारेटसाठी जन्मलं नव्हतं. १८६५ मध्ये फ्रान्सच्या पॉल शुत्झेनबर्गर यांनी ते प्रथम तयार केलं, पण ते कशात नीट विरघळेना. त्यामुळे त्याला हवा तो आकार देता येईना. ही अडचण विसाव्या शतकाच्या पहिल्या काही वर्षांत सुटली. अमेरिकेत जॉर्ज माइल्स आणि जर्मनीत बायर कंपनीतले आर्थर आयशेनग्र्युन यांनी सहज विरघळणारा ॲसिटेट तयार केला. तेव्हाची सिनेमाची फिल्म झटकन पेट घेई. या नव्या पदार्थाची फिल्म तशी भडकत नसे. पहिल्या महायुद्धातल्या विमानांच्या कापडी पंखांवर त्याचंच रोगण चढवलं गेलं. आयशेनग्र्युन ज्यू होते. नाझी राजवटीत त्यांचा कारखाना हातचा गेला आणि १९४४ मध्ये, वयाची पंचाहत्तरी उलटल्यावर, त्यांना तेरेझिनश्टाटच्या छळछावणीत टाकण्यात आलं. ते जिवंत परतले. १९४९ मध्ये मृत्यूपूर्वी त्यांनी ॲस्पिरिनच्या शोधातला आपला वाटा लेखी मांडला. त्यांचा ॲसिटेट सिगारेटमध्ये शिरायला तेव्हा दोन-चार वर्षंच उरली होती.

पहिला फिल्टर मात्र कागदाचा होता. बोरिस ऐवाझ या हंगेरियन संशोधकाने १९२५ मध्ये चुणीदार क्रेप कागदाचा फिल्टर बनवण्याच्या कृतीचं पेटंट घेतलं. कागद येई ऑस्ट्रियात ऑर्टमान इथे बुंझल घराण्याच्या गिरणीतून. चार वर्षांनी इंग्लंडमध्ये दु मॉरिए ही फिल्टरची सिगारेट बाजारात आली आणि १९३५ मध्ये मोलिन्स या इंग्रज कंपनीने फिल्टर जोडणारं यंत्र तयार केलं. तोवर हे काम किचकट आणि खर्चिक होतं, म्हणून फिल्टर ही शौकिनांची, विशेषतः बायकांसाठीची चैन मानली जाई. बुंझल घराणंही ज्यूच. १९३८ मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळला आणि त्यांचा धंदा हिसकावला गेला. घराण्यातले काही जण लंडनला पोचले, १९४० मध्ये तिथे नवी कंपनी काढली आणि जवळ असलेली विद्या पुन्हा कामाला लावली. त्यांच्या फिल्ट्रोना या शाखेचं नाव पुढे फिल्टरच्या धंद्यात जगभर झालं. आयटीसीबरोबरच्या भागीदारीतून ते बंगळुरूलाही पोचलं.

एवढं होऊनही फिल्टर कुणाला फारसा नको होता. १९५० मध्ये अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या शंभर सिगारेटींमध्ये फिल्टरची एकसुद्धा नसे. दहा वर्षांत निम्म्याहून अधिक सिगारेटींना फिल्टर लागला. मधल्या काळात तंबाखू तीच राहिली होती आणि ओढणाऱ्यांच्या आवडीनिवडीही फारशा बदलल्या नव्हत्या. लोकांना भीती वाटू लागली होती.

भीतीचं कारण ठोस होतं. सिगारेट आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध जर्मनीतच आधी मांडला गेला होता: १९३९ मध्ये कोलोनच्या फ्रान्झ हेर्मान म्युलर यांनी आणि १९४३ मध्ये येना विद्यापीठातल्या शायरर आणि श्योनिगर यांनी. युद्धाच्या धुराळ्यात ही कामं बाजूला पडली. १९५० मध्ये ब्रिटनचे रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल, अमेरिकेचे अर्न्स्ट वाइंडर आणि एव्हार्ट्‌स ग्रॅहम यांनी रुग्णांच्या नोंदींवरून तोच निष्कर्ष काढला. १९५२ च्या अखेरीस रीडर्स डायजेस्टने तो घराघरांत नेला. पुढच्याच वर्षी सिगारेटच्या धुरातलं डांबर उंदरांच्या पाठीवर चोपडल्यावर त्यांना कर्करोग झाल्याचं प्रसिद्ध झालं. गिऱ्हाईक हादरलं, पण सवय सुटत नव्हती. कंपन्यांनी त्याच्या हातात फिल्टर ठेवला.

केंट या ब्रँडची कथा इथे सविस्तर सांगायला हवी. अमेरिकेतल्या लोरिलार्ड कंपनीने १९५२ मध्ये केंट बाजारात आणली ती ‘मायक्रोनाइट’ फिल्टरसकट. अणुभट्ट्यांमधली हवा गाळण्यासाठी वापरतात तेच हे द्रव्य, अशी तिची जाहिरात होती. द्रव्य होतं क्रोसिडोलाइट, म्हणजे निळं ॲस्बेस्टॉस. ॲस्बेस्टॉसच्या जातींमध्ये ही सर्वांत घातक समजली जाते. तिचे सुईसारखे तंतू फुप्फुसात रुतून बसतात आणि कित्येक वर्षांनी मेसोथेलिओमा नावाचा असाध्य कर्करोग होतो. १९५६ पर्यंत हा फिल्टर विकला गेला. तोवर अशा हजार कोटींहून अधिक सिगारेटी लोकांनी ओढल्या होत्या. ज्या कारखान्यात हे द्रव्य बनत होतं तिथे १९५३ मध्ये कामाला असलेल्या ३३ पुरुषांचा पुढे माग काढण्यात आला. १९८९ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये तो अभ्यास छापून आला. त्यांच्यातले २८ जण मरण पावले होते. त्या वयाच्या माणसांत एरवी आठेक मृत्यू अपेक्षित होते. आरोग्याच्या नावाने विकलेल्या वस्तूने ती बनवणाऱ्यांनाच इतकं नासवावं, अशी उदाहरणं उद्योगाच्या इतिहासातही फार नसतील.

त्याच सुमाराला, १९५३ मध्ये, आर. जे. रेनॉल्ड्स कंपनीचे रसायनतज्ज्ञ क्लॉड टीग यांनी एक अंतर्गत टिपण लिहिलं. धूर लागताच रंग बदलणारं द्रव्य फिल्टरमध्ये घातलं, तर फिल्टरच्या कामगिरीत काही फरक पडणार नाही, पण विक्रीसाठी त्याचा फायदा उघड आहे, असा त्याचा आशय. ही कागदपत्रं पुढे खटल्यांमुळे बाहेर आली. ओढून झाल्यावर फिल्टर तपकिरी झालेला पाहून ‘बघा, किती घाण अडली’ असं म्हणणाऱ्याला हे टिपण माहीत नसतं.

आजचा सर्वसाधारण फिल्टर बनतो तो असा. ॲसिटोनमध्ये विरघळवलेला ॲसिटेट बारीक छिद्रांतून दाबला जातो. ॲसिटोन उडून जातं आणि केसाहून बारीक तंतू उरतात. छिद्रांची घडण अशी, की तंतूचा आडवा छेद इंग्रजी वाय अक्षरासारखा येतो, त्यामुळे धूर टेकायला जास्त पृष्ठभाग मिळतो. हजारो तंतूंचा एकत्र पेड करतात, त्याला चुण्या पाडतात. धंद्यात या पेडाला ‘टो’ म्हणतात. टोचे मोठाले गठ्ठे फिल्टरच्या कारखान्यात जातात. तिथे तो ताणून, फुलवून त्यावर ट्रायॲसिटिन नावाच्या द्रवाचा फवारा देतात. त्याने तंतू जिथे एकमेकांना शिवतात तिथे चिकटतात आणि बोळ्याला कडकपणा येतो. पांढरेपणासाठी टायटॅनियम डायऑक्साइड आधीच घातलेलं असतं. मग कागद गुंडाळून लांब कांड्या पाडतात आणि सिगारेटच्या यंत्रावर त्यांचे तुकडे होतात. एका फिल्टरमध्ये बारा हजारांच्या वर तंतू असतात.

हा फिल्टर चहाच्या गाळणीसारखा काम करत नाही. धुरातले डांबराचे थेंब मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही लहान, आणि तंतूंमधल्या फटी त्यांच्या कितीतरी पट मोठ्या. वळणावळणाने जाताना जे थेंब तंतूंवर आपटतात, घासतात किंवा भरकटत येऊन टेकतात तेवढेच अडतात. यंत्राच्या चाचणीत साधा ॲसिटेट फिल्टर कणांच्या निम्म्याच्या आसपास पकडतो. काही फिनॉलही अडवतो. कार्बन मोनॉक्साइड हा वायू मात्र त्याच्यातून आरपार जातो.

वायूरूप विषांसाठी मग कोळसा आला. सक्रिय कोळशाला आत असंख्य सूक्ष्म पोकळ्या असतात. एका ग्रॅमचा आतला पृष्ठभाग कित्येकशे चौरस मीटर भरतो. बेंझिन, ॲल्डिहाइड यांसारखी द्रव्यं तिथे चिकटतात. अमेरिकेत टेरीटनने आणि १९६३ मध्ये लार्कने असे फिल्टर आणले, तरी कोळशाची चव तिथल्या लोकांना रुचली नाही. जपानने मात्र ती आपलीशी केली. तिथे कोळशाचा फिल्टर ही नेहमीचीच गोष्ट झाली. पार्लमेंट सिगारेटचा फिल्टर आत सरकवलेला असतो, म्हणजे ओठांपाशी पोकळ नळी राहते. रशियन पापिरोसाला पुठ्ठ्याची लांब नळी असते, पण तिला फिल्टर म्हणता येत नाही, कारण ती रिकामी असते. बोटांनी चिमटून फोडायच्या सुगंधी कॅप्सूलचा प्रकार २००७ च्या सुमारास जपानमधून पसरला. युरोपीय संघाने मेन्थॉलच्या सिगारेटींबरोबर त्यांनाही २०२० च्या मे महिन्यात बाजारातून घालवलं. आपल्याकडच्या टपऱ्यांवर त्या अजून मिळतात आणि नव्या पोरांना ओढून घ्यायचं काम चोख करतात.

जर्मनीची स्वतःची एक वेगळी तऱ्हा आहे. तिथे पाकिटातल्या सिगारेटपेक्षा सुट्या तंबाखूवर कर कमी, म्हणून हाताने वळणारे आणि रिकाम्या नळ्यांत छोट्या यंत्राने तंबाखू ठासणारे लोक पुष्कळ. साहजिकच फिल्टर हा तिथे पिशवीतून सुटा विकला जाणारा माल आहे. जाडे, बारीक, कागदी, ॲसिटेटचे, आणि दोन्ही टोकांना सच्छिद्र सिरॅमिकची टोपणं लावलेल्या कोळशाच्या नळ्या. पाइप ओढणाऱ्यांसाठी न्युर्नबर्गच्या फाउएन कंपनीने १९३० च्या दशकात ‘डॉ. पेर्ल’ नावाचा कोळशाचा फिल्टर काढला. जर्मन पाइपांमध्ये ९ मिलिमीटरच्या फिल्टरची जागा ठेवायची रीतच पडून गेली. पाकिटातल्या फिल्टर सिगारेटीला तिथे लोकप्रिय केलं ते १९५५ मध्ये आलेल्या एचबीने. जाहिरातीतला तिचा चिडका ब्रूनो संतापून रॉकेटसारखा वर उडे आणि सिगारेट हाती आली की शांत होई. पश्चिम जर्मनीच्या दोन पिढ्यांना ब्रूनो पाठ होता.

फिल्टरमधला सर्वांत मोठा बदल तर डोळ्यांना सहज दिसतही नाही. तपकिरी कागद उजेडासमोर धरला तर काही सिगारेटींवर टाचणीहून बारीक छिद्रांचं एक कडं दिसतं. झुरक्याबरोबर तिथून बाहेरची हवा आत येते आणि धूर पातळ होतो. डांबर-निकोटिन मोजणाऱ्या यंत्राचा झुरका ठरलेला: ३५ मिलिलिटर, दोन सेकंद, मिनिटाला एक. यंत्राची पकड छिद्रांच्या अलीकडे असते, त्यामुळे आकडा कमी येतो आणि पाकिटावर ‘लाइट’ छापता येतं. माणूस यंत्रासारखा ओढत नाही. निकोटिन कमी पडलं की तो झुरका लांबवतो, खोल घेतो, आणि नकळत बोटांनी किंवा ओठांनी छिद्रंही झाकतो. छातीत जायचं तेवढं जातंच. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने २००१ मध्ये हे सविस्तर मांडलं. २०१४ च्या अमेरिकी सर्जन जनरलच्या अहवालाने आणखी पुढचं सांगितलं: १९५० च्या दशकापासून सिगारेटच्या घडणीत झालेल्या बदलांमुळे फुप्फुसाच्या ॲडिनोकार्सिनोमा या कर्करोगाचा धोका वाढला आहे. हवेच्या छिद्रांवर तिथे खास संशय आहे. धूर सौम्य लागतो, म्हणून तो फुप्फुसाच्या टोकापर्यंत ओढला जातो. ‘लाइट’, ‘माइल्ड’ असे शब्द युरोपने २००३ मध्ये बंद केले, भारतातही ते पाकिटावर छापता येत नाहीत. छिद्रं मात्र राहिली.

सत्तर वर्षांचा हिशेब हाच आहे. फिल्टरने सिगारेट सुरक्षित केली नाही. ज्यांनी भीतीपोटी ती सोडली असती, त्यांना ओढत राहायला कारण दिलं. फिल्टर नसलेली विडी बरी, असा उलटा अर्थ कुणी काढू नये. निपाणीची तंबाखू तेंदूच्या पानात वळली की ती विझू नये म्हणून भराभर झुरके मारावे लागतात आणि डांबर, कार्बन मोनॉक्साइड भरपूर मिळतं. विडीच्या थोटकाचं फार तर एवढंच, की तिचं पान मातीत कुजून जातं.

फिल्टरचं थोटूक तसं कुजत नाही. सेल्युलोज हे जिवाणूंचं खाद्य आहे, पण त्यावर ॲसिटेटचे गट चढवले की आधी ते उतरवावे लागतात आणि मगच खाता येतं. याला वर्षं लागतात. तोवर थोटकात अडकलेलं निकोटिन, जड धातू आणि डांबर पावसाच्या पाण्याबरोबर गटारात उतरत राहतं. सॅन डिएगोच्या संशोधकांनी २०११ मध्ये लिटरभर पाण्यात साधारण एक थोटूक या प्रमाणात द्रावण करून त्यात मासे सोडले. चार दिवसांत निम्मे मेले. जगात दरवर्षी साडेचार लाख कोटी थोटकं उघड्यावर पडतात, असा अंदाज नेहमी दिला जातो.

जर्मनीने याचं बिल फाडलं आहे. युरोपीय संघाच्या २०१९ च्या एकदाच वापरायच्या प्लास्टिकविषयीच्या निर्देशानुसार फिल्टरमध्ये प्लास्टिक असल्याची सूचना २०२१ पासून पाकिटावर छापावी लागते. १ जानेवारी २०२४ पासून जर्मन कायद्याने एक निधी उभारला. ज्यांचा माल रस्त्यावर कचरा होऊन पडतो, त्यांनी त्यात पैसे भरायचे. तंबाखूच्या फिल्टरचा दर तेव्हा किलोला ८.९७२ युरो ठरला, या कायद्यातला सर्वांत चढा. वीस सिगारेटींच्या पाकिटावर हिशेब केला तर हे तीनेक सेंटच होतात, पण त्यामुळे झाडूवाल्याच्या पगारातला एक भाग प्रथमच उत्पादकाच्या खात्यावर पडला. एश्बॉर्नसारख्या नगरपालिकांना या निधीतून सफाईचा खर्च मागता येतो. प्लास्टिक नसलेला कागदी फिल्टर मात्र कायद्याच्या व्याख्येबाहेर राहतो, म्हणून ऐवाझच्या क्रेप कागदाच्या वंशजांना पुन्हा मागणी येऊ लागली आहे. कागद लवकर कुजेल हे खरं, त्यात अडकलेलं विष मात्र तेच असेल.

भारतात हा प्रश्न न्यायासनापुढे नेला तो मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातून उभ्या राहिलेल्या ‘डॉक्टर्स फॉर यू’ या संस्थेने. सिगारेट आणि विडीच्या थोटकांच्या विल्हेवाटीसाठी तिने राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली. २०२० च्या सप्टेंबरमध्ये लवादाने केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाला तीन महिन्यांत मार्गदर्शक सूचना करायला सांगितलं. तेव्हा लवादापुढे आलेल्या अहवालात लखनौच्या भारतीय विषविज्ञान संशोधन संस्थेच्या चाचण्यांचा आधार होता. ॲसिटेट दीर्घकाळ टिकून राहतो, त्याच्या सुरक्षिततेची पुरेशी माहिती हाती येईपर्यंत थोटकांतून तो वेगळा काढून पुन्हा वापरावा, असं त्यात सुचवलं होतं. त्याच महिन्यात महाराष्ट्राने सुट्या सिगारेटी-विड्या विकायला बंदी घातली. कारण सुटी सिगारेट घेणाऱ्याला पाकिटावरचा इशारा दिसतच नाही. फिल्टरचा उल्लेख आपल्याकडे कायद्यात येतो तो मुख्यतः कराच्या तक्त्यात: फिल्टरची की बिनफिल्टरची, आणि लांबी किती मिलिमीटर. थोटूक उचलण्याचा खर्च सिगारेट बनवणाऱ्याकडून वसूल करावा, असं कलम त्या तक्त्यात नाही.